चार वाक्यांचा युरोप

१९६८ च्या मे महिन्याच्या मध्यात सोरबॉन विद्यापीठातले विद्यार्थी मोर्चाने पॅरिसच्या वेशीवरच्या बियांकूरला गेले. तिथल्या रेनो मोटार कारखान्यात कामगारांनी संप पुकारून आतच ठाण मांडले होते. आपला लढा आणि कामगारांचा लढा आता एक होणार, या कल्पनेने मुले भारून गेली होती. प्रत्यक्षात कारखान्याची फाटके बंद होती. विद्यार्थ्यांना आत घ्यायचे नाही, असा निर्णय सेजेटे या कम्युनिस्टांच्या प्रभावाखालच्या कामगार संघटनेने घेतला होता. फाटकाच्या अल्याड-पल्याड थोडेफार बोलणे झाले आणि मोर्चा परतला.

विद्यार्थ्यांनी पॅरिसच्या भिंतींवर त्या दिवसांत रंगवलेल्या घोषणांत पगाराचा उल्लेख क्वचितच सापडतो. त्यांना प्राध्यापकांची, पोलिसांची, नोकरशाहीची हुकमत नको होती. आपल्या आयुष्यावर परिणाम करणारे निर्णय आपल्याला विचारून व्हावेत, ही त्यांची मागणी होती. कामगारांच्या बाजूला २७ मे रोजी ग्रेनेलचा समझोता पुढे आला. त्यात किमान वेतनात ३५ टक्के वाढ होती. बियांकूरच्या कामगारांनी तो पहिल्या ऐकण्यातच धुडकावला, हेही नोंदवले पाहिजे. कामगारांना फक्त पैसा हवा होता असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. तरीही जून महिन्यात संप एकेक करून मिटत गेले, आणि महिनाअखेरच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पक्षाने राष्ट्रीय सभेत स्वबळावर बहुमत मिळवले. त्यांना मते देणाऱ्यांत कामगारांचा एक मोठा हिस्सा होता.

गरीब डावीकडे आणि सधन उजवीकडे, हा शंभर वर्षांचा ठोकताळा इथे लागू पडेना. सुखवस्तू घरांतली मुले सर्वांत डावीकडे उभी होती आणि अनेक कामगारांनी शांतता-सुव्यवस्थेच्या बाजूने कौल दिला होता. हे केवळ फ्रान्सचे वैशिष्ट्य नव्हते. बर्कली, कोलंबिया, पश्चिम बर्लिन, फ्रँकफुर्ट अशा कितीतरी ठिकाणी साधारण तेच दिसत होते. इतिहासात कधीच नव्हती इतकी समृद्धी ज्या पिढीच्या वाट्याला आली, तीच पिढी त्या समृद्धीवर रागावली होती. ते का, या प्रश्नामागे पुढची पन्नास वर्षे लागलेला माणूस म्हणजे रोनाल्ड इंगलहार्ट.

इंगलहार्ट यांचा जन्म १९३४ चा, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातला. शिकागो विद्यापीठातून १९६७ साली त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि मिशिगन विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवू लागले. त्यांचा तर्क दोन गृहीतकांवर उभा होता आणि दोन्ही साधी होती. जी गोष्ट दुर्मीळ, तिला माणूस अधिक मोल देतो, हे पहिले. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ सालच्या निबंधात मानवी गरजांची उतरंड मांडली होती: आधी अन्न आणि सुरक्षितता, मग आपुलकी, मान, स्वतःचे काही घडवणे. तिचा आधार इंगलहार्ट यांनी घेतला. दुसरे गृहीतक असे की माणसाची मूळ मूल्ये वयात येण्याच्या काळात घट्ट होतात आणि नंतर सहजी बदलत नाहीत. म्हणजे आज खिशात पैसे किती आहेत यापेक्षा बाराव्या-पंधराव्या वर्षी घरात पीठ होते की नव्हते, यावर माणसाचा कल अधिक ठरतो.

ही दोन गृहीतके एकत्र ठेवून युरोपकडे पाहिले की चित्र किती दाहक होते ते कळते. १९७० साली पासष्टीत असलेल्या जर्मन माणसाने १९२३ ची चलनवाढ ऐन तारुण्यात पाहिली होती. तेव्हा पगार हातात पडताच दुकानाकडे धाव घ्यावी लागे, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेले असत. मग मंदी, मग हिटलर, मग युद्ध, मग ढिगाऱ्यांची शहरे. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे सुमारे वीस हजार माणसे भुकेने गेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. युद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्येही शिधावाटप १९५४ पर्यंत चालू होते. या माणसांची मुले-नातवंडे मात्र अशा पश्चिम युरोपात वाढली, जिथे जवळजवळ तीस वर्षे उत्पन्न वाढतच गेले, बेकारी नगण्य होती, आणि आजारपण-म्हातारपणाची काळजी सरकारने उचलली होती. एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाभोवती, दोन वेगवेगळ्या युरोपांतली माणसे बसत होती.

या बदलाची चाहूल आधीही लागली होती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१ मधल्या भाषणात चार स्वातंत्र्ये सांगितली होती: बोलण्याचे, उपासनेचे, अभावापासून मुक्तीचे आणि भीतीपासून मुक्तीचे. त्यांतले तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे कोणते, असा प्रश्न पश्चिम जर्मनीतल्या जनमत चाचण्यांत १९४९ पासून विचारला जात असे. १९४९ साली अभावापासून मुक्ती पहिल्या क्रमांकावर होती. पुढच्या दहा वर्षांत बोलण्याचे स्वातंत्र्य तिच्या पुढे गेले आणि साठच्या दशकात हे अंतर वाढत राहिले. कोणी मोर्चा काढला नव्हता, कायदा बदलला नव्हता. तरी लोकांच्या मनातला क्रम बदलला होता.

इंगलहार्ट यांना हीच गोष्ट अनेक देशांत, एकाच मापाने मोजायची होती. त्यासाठी लागणारा सहकारी त्यांना ब्रुसेल्समध्ये भेटला. ज्याक-रने राबिए हे फ्रेंच अधिकारी युरोपीय ऐक्याचे शिल्पकार ज्याँ मॉने यांच्या हाताखाली तयार झालेले आणि युरोपीय आयोगाच्या माहिती खात्याचे प्रमुख होते. युरोपच्या ऐक्याची भाषा नेते करतात, पण सामान्य माणसाला त्याबद्दल काय वाटते हे कोणी नीट विचारतच नाही, ही राबिए यांची खंत होती. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि ब्रिटन या सहा देशांत १९७० मध्ये जी पाहणी झाली, तिच्या प्रश्नावलीत इंगलहार्ट यांची चार वाक्ये घालण्यात आली. समाजशास्त्रातली इतकी मोठी गोष्ट सरकारी पाहणीच्या एका कोपऱ्यात सुरू झाली, याचे श्रेय राबिए यांना पुरेसे दिले जात नाही असे मला वाटते.

ती चार वाक्ये साधारण अशी होती. देशात सुव्यवस्था राखणे. सरकारच्या महत्त्वाच्या निर्णयांत लोकांना अधिक वाव देणे. वाढत्या किमतींशी लढणे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणे. घरोघरी जाणारा पाहणीकार विचारत असे: यांपैकी तुम्हाला सर्वांत महत्त्वाचे काय, आणि त्याखालोखाल काय?

सुव्यवस्था आणि किमती ही जोडी निवडणारा तो भौतिकवादी. निर्णयांत वाव आणि अभिव्यक्ती ही जोडी निवडणारा तो उत्तर-भौतिकवादी. दोन्हीकडचे एकेक निवडणारा तो मिश्र. या पाहणीवरच्या १९७१ च्या लेखात इंगलहार्ट यांनी वेगळी नावे वापरली होती, ही नावे नंतर रुळली. इथे भौतिकवादी म्हणजे चैनीखोर किंवा पैशाचा लोभी माणूस नव्हे. ज्याला पोटाची आणि जिवाची सुरक्षितता आधी हवी तो. उत्तर-भौतिकवादी म्हणजे संन्यासीही नव्हे. त्याला भाकरी नको असते असे नाही, ती मिळणारच असे त्याने लहानपणापासून धरून चाललेले असते.

या मापाची सगळी ताकद निवडीच्या सक्तीत आहे. चारही गोष्टी तुम्हाला किती महत्त्वाच्या वाटतात, असे वेगवेगळे विचारले असते तर बहुतेकांनी चारही फार महत्त्वाच्या असेच सांगितले असते, आणि ते खोटेही नसते. पण माणसाचे मूल्य कळते ते दोन चांगल्या गोष्टींपैकी एक मागे ठेवावी लागते तेव्हा. चार वाक्यांतून दोनच उचला म्हटल्यावर माणूस क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात त्याचे अख्खे तारुण्य उत्तर देत असते, असा इंगलहार्ट यांचा विश्वास होता.

१९७० च्या उत्तरांनी त्यांना निराश केले नाही. सहा देश मिळून भौतिकवादी हे उत्तर-भौतिकवाद्यांच्या साधारण चौपट निघाले. पण ही सरासरी होती. वयाप्रमाणे आकडे वेगळे काढल्यावर खरी गोष्ट दिसली. सर्वांत वृद्ध गटात भौतिकवादी दहापटीहून अधिक होते, आणि जसजसे तरुण गटांकडे यावे तसतसे हे अंतर आटत जाई. युद्धानंतर जन्मलेल्या, पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या होत्या. सहाही देशांत उतार त्याच दिशेचा होता. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात इंगलहार्ट यांचा लेख आला आणि ‘मूक क्रांती’ हे शब्द त्याच्या शीर्षकातच होते. १९७७ मध्ये त्याच नावाचे त्यांचे पुस्तक निघाले.

आक्षेप लगेच आला आणि तो रास्त होता. तरुण बंडखोर असतात, नोकरी-लग्न-मुले झाली की निवळतात, हे जगाला नेहमीच ठाऊक आहे. मग यात पिढीचा फरक कुठला? हा तर वयाचा फरक. आज अभिव्यक्तिस्वातंत्र्य निवडणारा मुलगा चाळिशीत भाज्यांच्या भावाबद्दल बोलू लागेल. १९७० च्या एकाच पाहणीवरून या दोन शक्यतांत निवाडा करणे अशक्य होते. त्याला एकच इलाज होता. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच जन्मवर्षांच्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारत राहायचे आणि ती म्हातारी होताना बदलतात का ते बघायचे. म्हणजे वीस-तीस वर्षे थांबायचे.

ही चिकाटी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रश्न हुशारीचा होता, पण तेवढ्याने तो टिकला नसता. राबिए यांनी १९७४ मध्ये ‘युरोबॅरोमीटर’ ही नियमित पाहणी सुरू केली, आणि तिच्यात ती चार वाक्ये पुढची दोन दशके जवळजवळ दरवर्षी जात राहिली. सरकारे बदलली, युरोपीय समुदायात नवे देश आले, पण वाक्ये तीच राहिली.

परीक्षा तर लगेचच आली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेल उत्पादक देशांनी पुरवठा आवळला, आणि काही महिन्यांत तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. डच सरकारने रविवारी मोटारी चालवायला बंदी घातली. ब्रिटनमध्ये १९७५ साली चलनवाढ २४ टक्क्यांवर गेली. मंदी परतली, कारखाने बंद पडू लागले. इंगलहार्ट यांचे सारे म्हणणे म्हणजे भरल्या पोटीचा एक फॅशनेबल बुडबुडा होता आणि तो आता फुटणार, असे अनेकांनी धरून चालले होते.

उत्तरे बदलली खरी. भाववाढ तीव्र झाली त्या वर्षी सगळ्याच वयाच्या माणसांनी किमतींशी लढण्याला अधिक पसंती दिली. ऐंशीच्या दशकात भाव आटोक्यात येताच तीच माणसे पुन्हा उत्तर-भौतिकवादाकडे सरकली. पण जन्मवर्षांच्या गटांचे आलेख एकमेकांशेजारी ठेवले तर एक विलक्षण गोष्ट दिसते. प्रत्येक गटाची रेघ महागाईबरोबर खाली जाते आणि वर येते, मात्र रेघांमधले अंतर जवळपास तसेच राहते. १९४६ ते १९५५ दरम्यान जन्मलेली मंडळी तिशीत गेली, चाळिशीत गेली, त्यांना मुले झाली, घराचे हप्ते आले, तरी ती आपल्या वडिलांसारखी उत्तरे देऊ लागली नाहीत. म्हातारपणाबरोबर माणूस भौतिकवादी होतो याचा पुरावा मिळाला नाही. बदल झाला तो वृद्ध पिढी जात राहिल्यामुळे आणि तिच्या जागी दुसरी आल्यामुळे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी असलेले चारास एक हे प्रमाण शतकाच्या अखेरीस त्या सहा देशांत साधारण बरोबरीवर आले होते.

याचे राजकीय परिणाम सर्वांत ठळकपणे पश्चिम जर्मनीत दिसले. १९७५ मध्ये व्हील या गावी अणुवीज केंद्राच्या जागेवर द्राक्ष बागायतदार, गृहिणी आणि फ्रायबुर्गचे विद्यार्थी एकत्र ठाण मांडून बसले आणि तो प्रकल्प अखेर झालाच नाही. जानेवारी १९८० मध्ये कार्ल्सरूहला ग्रीन पक्ष स्थापन झाला आणि १९८३ मध्ये ५.६ टक्के मते घेऊन तो जर्मन संसदेत पोहोचला. त्याचे मतदार तरुण, शिकलेले आणि मध्यमवर्गीय होते. इंगलहार्ट यांची चार वाक्ये विचारली असती तर त्यांतल्या बहुतेकांनी काय निवडले असते हे वेगळे सांगायला नको. मतदान वर्गावरून ठरण्याचे दिवस ओसरत चालले होते.

पण मापातले दोषही याच काळात उघडे पडत गेले. १९७३ च्या पाहणीत इंगलहार्ट यांनी यादी चारावरून बारा वाक्यांवर नेली. आर्थिक वाढ, भक्कम संरक्षण, गुन्हेगारीशी लढा एका बाजूला. कामाच्या जागी निर्णयांत सहभाग, अधिक माणुसकीचा समाज, पैशापेक्षा विचारांना मोल देणारा समाज दुसऱ्या बाजूला. यांतले एक वाक्य शहरे आणि निसर्ग सुंदर करण्याचे होते. ते उत्तर-भौतिकवादी बाजूला जाऊन बसेल अशी अपेक्षा होती, पण ते तिथे नीट बसेना. ते निवडणारी माणसे बाकीच्या उत्तरांत वेगळीच निघत. पर्यावरण आपोआप भरल्या पोटाच्या बाजूला पडते या समजुतीला हा पहिला तडा होता, आणि माझ्या मते तेव्हा त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

दुसरा दोष गणिताचा होता. चार वाक्यांतून दोन निवडण्याच्या सहाच जोड्या होतात. त्यांतली एक जोडी भौतिकवादी, एक उत्तर-भौतिकवादी आणि उरलेल्या चार मिश्र. म्हणजे एखाद्याने डोळे मिटून बोट ठेवले तरी तीनात दोन वेळा तो मिश्र ठरणार. प्रत्यक्ष पाहण्यांतही मिश्रच सर्वांत जास्त असत. डॅरेन डेव्हिस आणि ख्रिश्चन डेव्हनपोर्ट यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतली उत्तरे तपासून हाच मुद्दा उचलला: पहिली आणि दुसरी निवड एकमेकींशी फारशी बांधलेली नाही, मग हे एक मूल्य मोजते असे म्हणायचे कसे? त्याच माणसांना काही वर्षांनी पुन्हा गाठले तर त्यांतली बरीच वेगळी उत्तरे देत, हेही माहीत होते. इंगलहार्ट यांनी १९८५ मध्येच त्यावर लिहिले होते. एकेका माणसाचे उत्तर हेलकावे खाते, कारण दारात उभ्या अनोळखी माणसाला दिलेल्या उत्तरात चूक, घाई, त्या दिवशीची मनःस्थिती सगळे मिसळते. हजारो उत्तरांच्या सरासरीत हे हेलकावे एकमेकांना खोडतात आणि पिढीचा कल उरतो, असे त्यांचे उत्तर होते. ते मला पटते. पण मग हे माप पिढीचे आहे, एकट्या माणसाचे नाही, हेही मान्य केले पाहिजे. पुढे कित्येक अभ्यासकांनी ते एकेका मतदाराला लावले. ती चूक होती.

सर्वांत धारदार आक्षेप हॅरल्ड क्लार्क आणि नितीश दत्त यांनी १९९१ मध्ये घेतला. ऐंशीच्या दशकात युरोपात भाववाढ उतरली आणि बेकारी चढली. ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. अशा वेळी नोकरी गेलेल्या माणसापुढे ती चार वाक्ये ठेवली तर तो काय करणार? किमती स्थिर आहेत, म्हणून ते वाक्य त्याच्या कामाचे नाही. रोजगाराचे वाक्य यादीतच नाही. मग तो सरकारच्या निर्णयांत लोकांना वाव द्या म्हणतो आणि हिशेबात उत्तर-भौतिकवादाकडे सरकतो. त्याची चिंता पोटाची आहे आणि नोंद मात्र भरल्या पोटाच्या खात्यात होते. क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कॅनडा आणि जर्मनीत प्रयोग करून पाहिला: काही लोकांना जुनीच वाक्ये दिली, काहींच्या यादीत किमतींच्या जागी रोजगारनिर्मिती घातली. दुसऱ्या यादीत भौतिकवाद्यांचे प्रमाण एकदम वाढले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. ऐंशीच्या दशकातली वाढ त्यामुळे पूर्णपणे खोटी ठरत नाही, कारण रेघांमधले पिढीगत अंतर त्याने पुसले जात नाही. पण त्या वाढीचा काही हिस्सा महागाई उतरल्याचा होता, हे या प्रयोगानंतर नाकारता येत नाही.

स्कॉट फ्लॅनागन यांनी जपानच्या अभ्यासातून वेगळी हरकत घेतली. सुव्यवस्था ही पोटाची गोष्ट नाही, ती अधिकाराबद्दलच्या आदराची गोष्ट आहे. इंगलहार्ट यांनी दोन वेगळे धागे एकाच दोरीत पिळले आहेत. १९८७ मध्ये दोघांची अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या त्याच नियतकालिकात जाहीर चर्चा झाली. फ्लॅनागन यांच्या म्हणण्याचे वजन पुढे कळले. १९८४ च्या युरोपीय निवडणुकीत फ्रान्सच्या अतिउजव्या नॅशनल फ्रंटला सुमारे ११ टक्के मते मिळाली आणि त्यांच्या प्रचारात भाकरीपेक्षा सुव्यवस्था, राष्ट्र आणि परके यांचीच भाषा अधिक होती. इटलीचे पिएरो इग्नाझी यांनी १९९२ मध्ये याला ‘मूक प्रतिक्रांती’ म्हटले. नव्या मूल्यांनी फक्त ग्रीन जन्माला घातले नाहीत. त्यांना घाबरलेल्यांनाही संघटित केले.

युरोपाबाहेर हे माप नेल्यावर मामला आणखी गुंतागुंतीचा झाला. १९८१ मध्ये सुरू झालेल्या युरोपीय मूल्य पाहणीतून जागतिक मूल्य सर्वेक्षण वाढले आणि १९९० च्या फेरीपासून भारतही त्यात आला. चार वाक्यांचे उत्तर तिथे एका मोठ्या मोजणीचा एक घटक बनले. पुढे इंगलहार्ट आणि क्रिस्टियान वेल्झेल यांनी काढलेला जगाचा ‘सांस्कृतिक नकाशा’ पाठ्यपुस्तकांत गेला. इथे मला मराठी वाचकाला थोडे थांबवायचे आहे. ज्या वर्षांत बारा वाक्ये युरोपात विचारली जात होती, त्याच दुष्काळी वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्यासोबतच्या हजारो बायका महागाईविरुद्ध हाती लाटणी घेऊन उतरल्या होत्या. त्यांना चार वाक्ये दिली असती तर किमतींशी लढणे आणि सरकारच्या निर्णयांत वाव मिळवणे यांत त्यांनी निवड कशी केली असती? त्यांच्या लेखी ती एकच कृती होती. रॉकेल आणि धान्य मागताना त्या राज्यकारभारात स्वतःची जागा मागत होत्या.

पर्यावरणाबाबत हीच गोष्ट रामचंद्र गुहा आणि होआन मार्तिनेझ-आलिए यांनी १९९७ मधल्या पुस्तकात सविस्तर मांडली. १९७३ मध्ये चमोली जिल्ह्यातल्या मंडलला, पुढच्या वर्षी रेणीत, झाडांना कवटाळणाऱ्या माणसांना निसर्गसौंदर्याची हौस नव्हती. जंगल गेले की सरपण, चारा, पाणी जाणार होते. या पुस्तकाआधी, १९९२ मध्ये, गॅलपने भारतासह २४ देशांत घेतलेल्या पाहणीतही पर्यावरणाची काळजी श्रीमंत देशांपुरती मर्यादित नसल्याचे दिसले होते. इंगलहार्ट यांनी १९९५ मध्ये उत्तर दिले ते प्रामाणिक होते: पर्यावरणाला पाठिंबा दोन वाटांनी येतो, एक मूल्यबदलाची आणि दुसरी प्रत्यक्ष प्रदूषणाची. पण दुसरी वाट मान्य केल्यावर गरजांची एकाच दिशेने चढणारी उतरंड उरत नाही. आपल्याकडच्या लोकांच्या लढ्यांना भरल्या पोटाचे खूळ म्हणणाऱ्यांनी, आणि उलट त्यांना केवळ पोटाचे म्हणून कमी लेखणाऱ्यांनीही, हे ध्यानात घ्यावे.

इंगलहार्ट शेवटपर्यंत आपल्या मोजणीशी प्रामाणिक राहिले. २०१६ मधला ब्रेक्झिटचा कौल आणि ट्रम्प यांचा विजय यांच्यानंतर पिपा नॉरिस यांच्यासह त्यांनी २०१९ मध्ये सांस्कृतिक प्रतिघातावर पुस्तक लिहिले. जी पिढी एकेकाळी बहुसंख्य होती ती अल्पसंख्य होत चालल्याची भावना हे त्यांच्या मते या प्रतिघाताचे एक कारण होते. त्याआधीच्या वर्षीच्या पुस्तकात त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली: श्रीमंत देशांत विषमता वाढली आहे, तरुणांची सुरक्षितता आता आईवडिलांपेक्षा अधिक राहिलेली नाही, आणि म्हणून पिढ्यांमधले अंतर थबकले आहे. स्वतःच्या सिद्धान्ताचा उत्साह ओसरवणारी गोष्ट त्याच सिद्धान्तातून काढणे हे मोठ्या अभ्यासकाचे लक्षण आहे. ८ मे २०२१ रोजी अ‍ॅन आर्बरला त्यांचे निधन झाले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये, युक्रेनचे युद्ध पेटल्यानंतर, युरो वापरणाऱ्या देशांतली चलनवाढ १०.६ टक्क्यांवर पोहोचली. युरोच्या जन्मानंतर इतकी महागाई तिथे झाली नव्हती. तेव्हा बारा-पंधरा वर्षांची असलेली मुले हे सारे पाहत मोठी झाली, आणि त्यांच्या मनात काय घट्ट झाले हे २०४० च्या सुमारास विचारल्यावरच कळेल. जागतिक मूल्य सर्वेक्षणाच्या २०१७ ते २०२२ च्या सातव्या फेरीतही ती चार वाक्ये विचारली गेली. रोजगाराचे, घराचे, हवामानाचे वाक्य शेजारी जरूर घालावे. क्लार्क आणि दत्त यांच्या आक्षेपाला तेच योग्य उत्तर आहे. पण मूळ चार वाक्यांतला एक शब्दही बदलू नये. १९७० पासून आज्या, आया आणि मुली यांना शब्द न बदलता विचारत आलेले असे प्रश्न समाजशास्त्राकडे फार थोडे आहेत.